अंगणातलं झाड तोडल्यावर ओंडक्यांचं काय करायचं

झाड तोडायला येणारी माणसं दोनच प्रश्न विचारतात: "लाकूड आम्ही नेऊ का?" आणि "तुकडे केवढे करू?" मालकाकडे दोन्हींचं उत्तर तयार नसतं. मग फांद्यांपासून बुंध्यापर्यंत सगळ्याचे सरसकट दीड-दीड फुटांचे तुकडे होतात आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून रचले जातात. निम्मं नुकसान तिथंच होऊन जातं. दीड फुटाच्या तुकड्यातून कामाची फळी निघत नाही, आणि भिंतीलगतची ओली रास वाळवीला थेट घरापर्यंत वाट करून देते. म्हणून लाकडाचं काय करायचं हे करवत सुरू होण्याआधी ठरवा. नंतर ठरवायला फारसं काही उरत नाही.

आधी कागद

पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतःच्या जागेतलं झाड तोडायचं असलं तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज उद्यान विभागात जातो. पिंपरी-चिंचवडला तिथल्या महापालिकेकडे जायचं, कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत राहत असाल तर बोर्डाकडे चौकशी करायची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं हेरिटेज वृक्ष धरली जातात आणि त्यांच्या बाबतीत नियम जास्त कडक आहेत. झाड वादळात पडलं असेल तर तुकडे करण्याआधी उपटलेली मुळं दिसतील असे फोटो काढा आणि उद्यान विभागाला कळवा. नंतर नुसती ओंडक्यांची रास दाखवून "पडलं होतं हो" म्हटलं तर कोण ऐकणार?

परवानगीपत्राची एक प्रत लाकूड नेणाऱ्या टेम्पोत असू द्या. साग, शिसव, खैर, चंदन यांची गोष्ट वेगळी. त्यांचं लाकूड हलवायचं तर वन विभागाचा वाहतूक परवाना घ्यावा लागतो, तेव्हा तोडण्याआधीच तिकडे एक चक्कर मारा. आणि चंदन असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. पुण्यात चंदनाचे बुंधे रातोरात गायब होतात, ते काही उगाच नाही.

झाड कोणतं, त्यावर पुढचं सगळं

आंबा, फणस, जांभूळ, कडुनिंब, चिंच, साग, रेन ट्री आणि सिल्व्हर ओक यांचा सरळ, निदान फूटभर जाडीचा बुंधा असेल तर त्याचं जळण करण्याआधी दोनदा विचार करा. आंब्याच्या फळ्या चांगल्या निघतात, फक्त कीड लवकर लागते. फणस पिवळाधमक, कापायला गोड. मृदंगाचं खोड त्याचंच करतात. जांभूळ पाण्यात टिकतं, म्हणून तर पूर्वी विहिरीच्या बांधकामाखाली त्याचं कडं बसवायचे. कडुनिंबाच्या आतल्या लाल लाकडाला कीड सहसा शिवत नाही. चिंच अतिशय कठीण असते आणि तिच्या तंतूंची वीण एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे ती उभी फुटत नाही. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो तो याच कारणासाठी. रेन ट्रीचं लाकूड वाळताना फार कमी आक्रसतं. घरच्या घरी बाक किंवा टेबलाची जाड फळी करायची असेल तर नवख्या माणसाला याच्याइतकं सोपं लाकूड नाही.

गुलमोहर, पिचकारी, खोटा अशोक, शेवगा, पांगारा यांच्यात फळीचा नाद सोडा. ही हलकी, पाणी धरणारी लाकडं आहेत आणि पावसाळ्यात जमिनीवर पडून राहिली की बघता बघता मऊ होतात. ती वाफ्यात पुरायला आणि आच्छादनाला उत्तम. सुबाभूळ आणि निलगिरी मुख्यतः जळणाची.

वड, पिंपळ, उंबराचा ओंडका ओल्या मातीवर आडवा ठेवला तर त्याला धुमारे फुटतात. शेवगा, पांगारा आणि गिरिपुष्पाचं तर अख्खं झाड उभं राहतं. ते नको असेल तर ओंडके विटांवर उचलून ठेवा.

कण्हेरीचं लाकूड चुलीत, शेकोटीत किंवा कबाबाच्या काड्यांसाठी अजिबात वापरायचं नाही, झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. आंब्याचा चीक अंगावर उडाला की काहींना पुरळ उठतं. ओला आंबा कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि काम संपल्यावर हात साबणानं धुवा.

तुकडे किती लांब

बुंध्याचा सरळ भाग फळ्यांसाठी ठेवायचा असेल तर हव्या त्या लांबीपेक्षा एक फूट जास्त कापून घ्या. टोकांकडून चिरा येणारच, त्या नंतर कापून टाकायला तेवढी जागा हवी. बाकासाठी चार फुटी फळी हवी असेल तर ओंडका पाच फुटांचा. वाकडा भाग, फांदी फुटलेला सांधा आणि पोकळ भाग यांचे छोटे तुकडे केले तरी बिघडत नाही.

वजनाचा अंदाज मात्र आधी घ्या. एक फूट जाडीचा, तीन फूट लांबीचा आंब्याचा ओला ओंडका साधारण ६० किलो भरतो. जाडी दीड फूट झाली की तोच तीन फुटी ओंडका १३५ किलोच्या आसपास जातो, कारण वजन जाडीच्या वर्गानं वाढतं. छोटा हत्ती टेम्पोत पाऊण टनाच्या वर भरू नये, म्हणजे असे दीड फुटी जाडीचे पाचच ओंडके. ते उचलायला जाऊ नका, लोळवा. खाली दोन इंची पाइपचे दोन-तीन तुकडे घाला, मागून पहारेनं रेटा, आणि उतार असेल तर ओंडक्याच्या खालच्या बाजूला कोणीही उभं राहू नका.

कापण्याचं काम चेन सॉनं (साखळीच्या करवतीनं) तुम्ही स्वतः करणार असाल तर ओंडका कुठं टेकला आहे हे पहिल्यांदा बघा. दोन्ही टोकांना टेकून मध्ये अधांतरी असेल तर वरून कापताना काप मिटत जातो आणि करवतीची पट्टी आत अडकते. अशा वेळी वरून एक तृतीयांश कापा आणि उरलेलं खालून वर. एक टोक लोंबतं असेल तर नेमकं उलटं: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. पूर्ण जमिनीवर पडलेला ओंडका वरून तीन चतुर्थांश कापून लोळवायचा आणि मग उरलेलं कापायचं. साखळी मातीला एकदा जरी लागली तरी धार जाते, आणि भुशाऐवजी बारीक पीठ पडायला लागलं की समजायचं, कानस मारायची वेळ झाली. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागू द्यायचा नाही; तिथंच करवत उसळून अंगावर येते. दोन-स्ट्रोक यंत्राच्या पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच ठेवा: ५०:१ असेल तर लिटरला २० मिलि, २५:१ असेल तर ४० मिलि. चपला घालून चेन सॉ चालवणारे पुण्यात पावलोपावली दिसतात. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका. जाड बूट, चष्मा आणि कानात बोळे एवढं तरी हवंच.

खिळा

अंगणातलं लाकूड घ्यायला वखारवाले कुरकुर करतात, त्याचं कारण खिळा. कपडे वाळत घालायची तार, झोक्याचा हूक, दिवाळीच्या माळांसाठी ठोकलेले खिळे, कुंपणाची तार, भोक बुजवायला कधीतरी भरलेलं सिमेंट असं सगळं झाड वर्षानुवर्षं गिळत असतं. वरून साल अगदी गुळगुळीत दिसते. आरा यंत्राच्या पात्याखाली एक खिळा आला की पातं गेलं, आणि त्याचे पैसे तुमच्याकडून वसूल होतात.

कापलेल्या टोकावर निळसर-काळा डाग शोधा. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा संयोग झाला की शाईसारखा रंग उतरतो आणि तो तंतूंच्या दिशेनं वर-खाली लांबवर पसरतो. टोकावर रुपयाएवढा काळा ठिपका असेल तर त्याच रेषेत, फूट-दोन फूट आत, लोखंड असण्याची शक्यता दाट. जमिनीपासून सहा-सात फुटांपर्यंतचा भाग सगळ्यात संशयास्पद, कारण माणसाचा हात तिथवर पोचतो. हातात धरायचा छोटा मेटल डिटेक्टर सालीवरून फिरवला तर इंच-दीड इंच खोलवरचं सापडतं. त्याहून आतलं सापडेल याची खात्री नाही, म्हणून वखारीत स्वतःहून सांगा की झाड घरचं आहे.

वखारीत नेताना

पुण्यात लाकडाचा मोठा बाजार भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटचा. उपनगरांतही आरा गिरण्या आहेत. आधी फोनवर तीन गोष्टी विचारा: बाहेरचं लाकूड कापून देता का, कमीत कमी लांबी किती लागते, आणि कापण्याचा दर घनफुटावर की तासावर.

घनफूट कसं मोजतात हे माहीत असलेलं बरं. ओंडक्याच्या मधोमध टेपनं गोलाई घ्यायची, इंचांत. तिला चारनं भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, फुटांतल्या लांबीनं गुणायचं आणि १४४ नं भागायचं. समजा गोलाई ४८ इंच, लांबी ७ फूट. ४८ भागिले ४ म्हणजे १२, त्याचा वर्ग १४४, गुणिले ७, भागिले १४४. उत्तर ७ घनफूट. खरं आकारमान ८.९ घनफूट भरतं. या रीतीत साधारण एकवीस टक्के कमी धरले जातात, ते साल आणि कापातल्या तुटीपोटी. लाकूड विकताना ही रीत तुमच्या विरुद्ध जाते, पण कापणावळ याच मापानं द्यायची असेल तर तुमच्या फायद्याची.

फळीची जाडी सांगताना आक्रसणं आणि रंध्यात जाणारं लाकूड दोन्ही धरा. रंधून एक इंच हवी असेल तर सव्वा इंच कापून घ्या, दीड इंच हवी असेल तर पावणेदोन. आणि ओंडक्याचा अगदी मधला गाभा कुठल्याही फळीत येणार नाही असं बघा. गाभा आत राहिलेली फळी चिरतेच. गिरणीवाल्याला "गाभा मधून उडव" एवढं सांगितलं की पुरतं.

टोकं बंद करा, त्याच दिवशी

ओंडक्याच्या टोकातून पाणी बाजूंच्या मानानं कितीतरी जास्त वेगानं उडतं. टोक आधी आक्रसतं, आतला भाग ओलाच असतो, आणि या ओढाताणीत टोकाला चिरा पडतात. पुण्यात मार्च ते मेमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की सकाळी कापलेल्या ओंडक्याला दुसऱ्या दिवशी केसासारख्या चिरा दिसतात. एकदा चीर पडली की रंग लावून ती मिटत नाही.

तोडल्याच्या दिवशीच दोन्ही टोकांना ऑइल पेंटचे दोन जाड हात द्या. घरात उरलेला कुठलाही रंग चालेल, फक्त डिस्टेंपर नको, त्यातून वाफ आरपार जाते. वितळवलेलं मेण त्याहून सरस. दोन्ही नसेल तर फेव्हिकॉलचा पाणी न घातलेला जाड थर द्या. टोकापासून दोन-तीन इंच बाजूवरही लावा आणि तोडलेल्या फांद्यांचे डोळे विसरू नका.

ओंडका अख्खा ठेवून वाळवायचा बेत असेल तर सोडून द्या. सालीसकट जाड ओंडका आतून वर्षानुवर्षं ओला राहतो, तोवर कीड आणि बुरशी आपलं काम उरकतात. फळ्या कापायला वेळ लागणार असेल तर निदान ओंडका पाचरी मारून उभा दोन भागांत फोडा. अर्धगोल तुकड्यात ताण सुटतो आणि चिरा बऱ्याच कमी होतात. आंबा आणि सिल्व्हर ओक पावसाळ्यात कापल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत निळसर काळे पडतात. ती बुरशी आहे, ताकद फारशी कमी होत नाही, पण रंग जातो तो जातोच.

फळ्या रचणं

इथं घाई करणाऱ्याच्या फळ्या वाकतात. जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर, सिमेंटच्या ब्लॉकवर एका पातळीत तीन-चार आडव्या वाशांची बैठक करा. पातळी दोरीनं तपासा. बैठक वाकडी असेल तर फळ्या त्याच वाकड्या आकारात वाळतात. प्रत्येक थरानंतर एक इंच बाय एक इंचाच्या वाळलेल्या पट्ट्या आडव्या घालायच्या. एक इंची फळीला दर दीड फुटावर पट्टी, दोन इंचीला दर दोन फुटांवर. सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकाच उभ्या रेषेत आल्या पाहिजेत आणि पहिली व शेवटची पट्टी फळीच्या अगदी टोकाशी हवी. पट्ट्या ओल्या वापरल्या तर त्यांच्याखाली फळीवर आडवे काळे पट्टे उमटतात, आणि ते रंध्यानंही निघत नाहीत.

सगळ्यात वर जुन्या शहाबादी फरश्यांचं वजन ठेवा. चार फुटी रुंद राशीवर दीडदोनशे किलो जास्त नाही. वर पत्रा, चारी बाजूंना फूटभर बाहेर आलेला. बाजू उघड्या. ताडपत्रीनं सगळं गुंडाळून टाकणं ही सर्वांत नेहमीची चूक. आत वाफ कोंडते आणि पंधरा दिवसांत पांढरी बुरशी धरते. पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा जून ते सप्टेंबर फक्त त्या बाजूला शेडनेट किंवा बारदान लटकवा. एप्रिल-मेमध्ये हीच शेडनेट ऊन आणि गरम वारा अडवायला लावा, नाहीतर वाळण्याचा वेग जास्त होऊन फळ्या तडकतात.

"इंचाला एक वर्ष" हा नियम सगळीकडे ऐकू येतो, पण तो थंड, दमट देशांतला आहे. दिवाळीनंतर रचलेल्या आंब्याच्या एक इंची फळ्या पुण्याच्या हवेत तीन ते पाच महिन्यांत वापरण्याजोग्या होतात. जूनमध्ये रचल्या तर पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ फुकट. दोन इंची फळीला मात्र वर्षभर द्याच, आणि चिंचेला त्याहून जास्त.

वाळलं की नाही, हे हात लावून कळत नाही. राशीतली एक फळी खुणेची ठेवा, दर आठवड्याला तिचं वजन करा. तीन आठवडे वजन हललं नाही की राशीनं हवेशी जमवून घेतलं. आकडा हवा असेल तर फळीच्या टोकापासून फूटभर आतला छोटा तुकडा कापून वजन करा, ओव्हनमध्ये साधारण १०३ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा आणि पुन्हा वजन करा. आधी ६२ ग्रॅम, नंतर ५० ग्रॅम असेल तर फरक १२, त्याला ५० नं भागा: ओलावा २४ टक्के. फर्निचरला १० ते १२ टक्के हवा. खोलीत ठेवायच्या फळ्या शेवटचे पंधरा दिवस त्याच खोलीत रचून ठेवल्या तर पुढं सांधे उघडत नाहीत.

कीड

आंबा, सुबाभूळ यांच्या सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट (स्टार्च) भरपूर असतं आणि भुंगेऱ्यांना तेच हवं असतं. लाकडाखाली गव्हाच्या पिठासारखी भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली की तो बारीक भुंगेरा. जाड, धाग्यांसारखा भुसा पडत असेल आणि रात्री शांततेत कुरतडल्याचा आवाज येत असेल तर मोठ्या शिंगाळ भुंग्याच्या अळ्या सालीखाली आहेत. साल काढल्यावर दुसऱ्या प्रकाराचा बराचसा बंदोबस्त होतो. पावसाळ्यात तोडलेल्या झाडाची साल पहारेच्या चपट्या टोकानं पट्टे-पट्टे निघते. उन्हाळ्यात ती चिकटून बसते, मग कोयता आणि चिकाटी दोन्ही लागतात.

फळ्यांसाठी टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर यांचं द्रावण उत्तम आणि स्वस्त. दहा लिटर गरम पाण्यात ३६० ग्रॅम टाकणखार आणि २४० ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. गार पाण्यात ते नीट विरघळत नाही, तळाशी बसतं. फळ्या ताज्या, ओल्या असतानाच ब्रशनं सगळ्या बाजूंनी दोन-तीन हात द्या, पट्ट्या न घालता एकावर एक ठेवा आणि प्लॅस्टिकमध्ये दोन ते चार आठवडे गुंडाळून ठेवा. ओल्या लाकडातून औषध आत सरकत जातं. वाळलेल्या फळीवर ते वरच्या वर राहतं. मगच पट्ट्या घालून रचा. हातमोजे वापरा, मुलं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवा. उघड्यावर पावसात राहणाऱ्या लाकडाला याचा उपयोग नाही, धुऊन जातं. पोळपाट किंवा चिरायच्या पाटासाठीच्या लाकडाला हे लावू नका.

जळकं ऑइल फासण्याची आपल्याकडे फार हौस. त्यानं लाकूड काळं होतं, वर पॉलिश कधीच बसत नाही, माती खराब होते आणि आतल्या अळीला काहीही होत नाही.

स्टूल आणि चकत्या

गोल चकती कापून टेबल करायची कल्पना सगळ्यांना सुचते, आणि बहुतेक चकत्या महिन्याभरात गाभ्यापासून सालीपर्यंत उभ्या चिरतात. लाकूड परिघाच्या दिशेनं त्रिज्येच्या जवळजवळ दुप्पट आक्रसतं, त्यामुळे गोलाला कुठंतरी फाटावंच लागतं. चकती करायचीच तर रेन ट्रीची करा, किंवा चीर कुठं पडावी हे तुम्हीच ठरवा. १६ ते १८ इंच उंचीचा ओंडका घ्या, साल काढा, एका बाजूला वरपासून खालपर्यंत सालीपासून गाभ्यापर्यंत एक उभा काप द्या. वाळताना सगळी ओढ तिथं जाते, तो काप रुंदावतो आणि बाकी भाग शाबूत राहतो. ती बाजू भिंतीकडे वळवून ठेवायची. दोन्ही टोकांना मेण लावून सावलीत सहा-आठ महिने ठेवा. खाली तीन रबरी बूच ठोका म्हणजे फरशीवरचा ओलावा चढत नाही.

जळण

चुलीसाठी फूट-सव्वा फूट लांबी, बंबासाठी सहा ते आठ इंचांच्या ढलप्या. जाडी तीन-चार इंचांच्या वर नको. बहुतेक लाकूड ओलं असतानाच फोडावं, वाळल्यावर तेच दगड होतं. निलगिरी ओली असताना एका घावात दुभंगते. घाव मधोमध न घालता काठाकडून आत येत घाला. चिंच किंवा रेन ट्रीच्या गाठाळ तुकड्यावर कुऱ्हाड घालत बसू नका. दोन लोखंडी पाचरी आणि घण, नाहीतर सरळ करवत.

फोडलेलं सरपण फेब्रुवारीत उन्हावाऱ्यात रचलं तर सुबाभूळ आणि गुलमोहर मेअखेर वाळतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर 'खण' वाजलं तर वाळलं, 'थप' वाजलं तर अजून ओलं आहे. ओलं जाळलं की बरीच उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि धूर शेजाऱ्यांच्या घरात. घरात चूल-बंब नसेल तर सिंहगड, पानशेत, मुळशी रस्त्यावरच्या चुलीवरच्या जेवणाच्या ठिकाणी विचारा. वाळलेलं, फोडलेलं लाकूड कोणी नको म्हणत नाही, ओले ओंडके मात्र सगळेच नको म्हणतात. आंबा, पळस, उंबर, पिंपळ यांच्या बोटाएवढ्या फांद्या वीतभर कापून वाळवल्या की समिधा म्हणून ओळखीच्या गुरुजींना देता येतात.

पालापाचोळा आणि उरलेल्या काटक्या अंगणात पेटवणं हा मार्ग बंद आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे.

जे कशालाच उपयोगी नाही ते

गुलमोहर, खोटा अशोक, शेवगा, कुजके तुकडे वाफ्यात पुरा. तीन फूट रुंद, दीड-दोन फूट खोल चर खणा, तळाला ओंडके, त्यांच्या फटींत काटक्या, वर पाला आणि शेणखत, शेवटी खणलेली माती. प्रत्येक थर पाण्यानं चिंब करायचा. कोरडे ओंडके पुरले तर ते पहिल्या उन्हाळ्यात मातीचंच पाणी ओढतात. वाफा वर्षभरात बराच खाली बसतो, म्हणून सुरुवातीला जमिनीच्या वर दीड फूट ठेवा. कुजणारं लाकूड आधी मातीतलं नत्र खातं, तेव्हा पहिल्या वर्षी चवळी, घेवडा, वाल लावा. वांगी-टोमॅटो दुसऱ्या वर्षी. निलगिरी आणि साग यात नको. काळ्या मातीत पाणी साचतं, तिथं चर उथळ ठेवा. आणि हा वाफा घराच्या भिंतीपासून दहा फूट तरी लांब असू द्या, वाळवीसाठी.

फांद्यांचा यंत्रातून काढलेला चुरा झाडांच्या आळ्यात तीन-चार इंच थरानं पसरा, खोडाला न टेकवता. मातीत मिसळू नका, वरच राहू द्या.

नारळाचं खोड वेगळं हाताळायला लागतं. बाहेरचा इंच-दोन इंच भाग टणक, आत भुसा, त्यामुळे फळी किंवा जळण दोन्हीला तो त्रासच. तो कुजत पडला की गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो आणि मग आसपासच्या उभ्या नारळांचे कोंब खातो. म्हणून नारळाचं खोड अंगणात पडू द्यायचं नाही: तुकडे करून खोल पुरा किंवा चुरा करून घ्या.

काहीही करेपर्यंत रास विटांवर फूटभर उंच आणि भिंतीपासून दोन फूट लांब असावी. ओंडक्यांतल्या पोकळ्या मातीनं बुजवा. पावसाळ्यात त्यात साठलेल्या वाटीभर पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि आरोग्य विभागाची नोटीसही येते. टेकड्यांच्या किंवा शेतांच्या कडेला राहत असाल तर रासेत घोणस, मण्यार, विंचू आसरा घेतात. राशीतलं लाकूड उचलताना आधी काठीनं हलवा, हात फटीत न घालता वरून धरा, आणि अंधार पडल्यावर सरपण आणायला जाऊ नका.